पोराला 'संपला' म्हणण्याआधी : कोल्हापूरच्या फुटबॉल शौकिनांना खुले पत्र

कोल्हापुरातल्या तमाम फुटबॉल शौकिनांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्याच पेठांना, त्यांच्या तालमींच्या संघांमागं उभं राहणाऱ्या सगळ्यांना आहे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, जुना बुधवार आणि ज्यांचं नाव इथे राहून गेलं त्या सगळ्यांना. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलं की आपलं एकमेकांशी पटत नाही, आणि पटायची गरजही नाही. ईर्षेशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल उभाच राहिला नसता. पण एका बाबतीत सगळ्या तालमी सारख्या आहेत. कुठलं पोरगं मोठं होणार आणि कुठलं वाया गेलं, याचा निकाल आपण फार लवकर देऊन टाकतो. त्या घाईबद्दल मला बोलायचं आहे.

2017 चा सतरा वर्षांखालील वर्ल्डकप खेळलेल्या आपल्या अनिकेत जाधवचं नाव निघालं की कट्ट्यावर दोन तट ठरलेले. एक तट म्हणतो, वर्ल्डकप खेळलेलं पोरगं, आत्तापर्यंत भारताच्या संघात त्याची जागा पक्की व्हायला हवी होती, कुठंतरी गाडी अडकली. दुसरा तट चिडून म्हणतो, आपल्या मातीतल्या पोराला आपणच नावं ठेवायची काय? मग आवाज चढतात आणि चहा गार होतो. मला दोन्ही तट अपुरे वाटतात. पहिला निकाल देतो पण कारण शोधत नाही. दुसरा प्रश्नच विचारू देत नाही. टीका तर व्हायलाच हवी. ज्या गावाला बॉल कळतो त्या गावानं गप्प का बसावं? पण ती टीका खेळाची असावी, आणि खेळाडू ज्या वाटेनं चालला त्या वाटेची असावी.

2017 आठवा. देशात पहिल्यांदा फिफाची स्पर्धा, सतरा वर्षांखालील वर्ल्डकप. त्या सप्टेंबरात राज्य सरकारनं शाळाशाळांतून फुटबॉल वाटले आणि 15 तारखेला महाराष्ट्रभर पोरांनी मैदानं भरून टाकली. ऑक्टोबरात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताचे तीन सामने झाले. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. तिन्ही हरलो. तरी कोलंबियाविरुद्ध 82 व्या मिनिटाला कॉर्नरवर जिक्सन सिंगनं हेडरनं मारलेला गोल आपण आजही विसरलो नाही, कारण फिफाच्या वर्ल्डकपमधला तो भारताचा पहिला गोल होता. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं आघाडी घेतली, तेही विसरलो नाही. त्या संघात आपल्या कोल्हापूरचं, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेलं पोरगं, अनिकेत, आघाडीच्या फळीत होतं. गावाची छाती फुगली. फुगायलाच हवी होती.

पण त्या आनंदात आपण एक गोष्ट नीट पाहिली नाही. तो संघ यजमान म्हणून थेट स्पर्धेत आला होता. निकोलाय अ‍ॅडम यांच्याकडून प्रशिक्षकाचं काम काढून लुईस नॉर्टन डी मातोस यांच्याकडे दिलं गेलं तेव्हा स्पर्धेला काही महिनेच उरले होते. समोरचे संघ मात्र अशा देशांतून आले होते, जिथं पोरगं दहाव्या-बाराव्या वर्षापासून दर आठवड्याला आपल्या वयाच्या गटात मॅच खेळतं. आपली पोरं त्यांच्यासमोर नव्वद मिनिटं धावली, झुंजली, हे त्यांचं कौतुक. 'वर्ल्डकप खेळलेला' हा शिक्का मात्र आपण त्यांच्या कपाळावर असा मारला की जणू ते तयार झालेले खेळाडू होते. ती सतरा वर्षांची पोरं होती. त्यांची खरी घडण तिथून पुढे व्हायची होती.

आता ज्यांनी तो वर्ल्डकप जिंकला त्यांच्याकडे पाहा. 28 ऑक्टोबरला कोलकात्यात इंग्लंडनं स्पेनला 5-2 हरवलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू फिल फोडेन आणि सर्वाधिक आठ गोल रियान ब्रूस्टरचे, त्यात उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्ध आणि उपांत्य फेरीत ब्राझीलविरुद्ध हॅटट्रिक. त्या दिवशी कोणालाही विचारलं असतं तर दोघांचं भविष्य त्यानं सारखंच सांगितलं असतं. जानेवारी 2018 मध्ये ब्रूस्टरला मोठी दुखापत झाली आणि वर्षाहून जास्त काळ तो बाहेर राहिला. परत आला, स्वान्सीकडून उसना खेळताना चांगले गोल मारले, मग शेफिल्ड युनायटेडनं मोठी रक्कम मोजून त्याला घेतलं. प्रीमियर लीगच्या त्या पहिल्या हंगामात त्याचा एकही गोल झाला नाही. फोडेनला मँचेस्टर सिटीनं सोडलं नाही आणि भरभर खेळवलंही नाही. त्याला दुसऱ्या क्लबला उसना द्या, इथं बसून तो कुजेल, असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पुढे 2023-24 मध्ये तो प्रीमियर लीगच्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघातला जेडन सँचो तर खेळायला मिळावं म्हणून सतराव्या वर्षी सिटी सोडून जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबात गेला, तिथं चमकला, पुढे मँचेस्टर युनायटेडनं त्याला घेतलं आणि तिथं त्याचं बस्तान बसलं नाही.

तीन पोरं, एक संघ, एकच चषक. सोयी, प्रशिक्षक, डॉक्टर, पैसा, कशाचीच कमी नाही. तरी तिघांच्या वाटा तीन झाल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत व्यवस्थेत असं होतं, तर आपल्याकडच्या पोरानं सरळ रेषेत वर चढत जावं हा हट्ट कशाच्या जोरावर?

आपल्या 2017 च्या संघाचंही तेच. जिक्सन आणि सुरेश सिंग वांगजाम भारताच्या मुख्य संघापर्यंत पोचले. अन्वर अलीला 2019 मध्ये हृदयाचा आजार निघाला, खेळ थांबवायला सांगितलं गेलं. तो कोर्टापर्यंत गेला, परत मैदानात उतरला आणि भारताच्या बचावफळीतला महत्त्वाचा खेळाडू झाला. बाकी काही जणांची नावंही आता आपल्याला पटकन आठवत नाहीत. अनिकेत या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी आहे. त्याची पुढची वाट मी थोडी तपशिलात मांडतो, कारण आपल्या वादात नेमकी तीच कधी येत नाही.

वर्ल्डकपनंतर ती बहुतेक पोरं 'इंडियन ॲरोज' या नावाचा संघ म्हणून आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत उतरवली गेली. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, समोर कसलेले पुरुष. पहिल्या हंगामात संघ तळाला राहिला. खाली घसरायची भीती नव्हती, म्हणून निभावलं. मला तो निर्णय तेव्हा पटला होता आणि आजही पटतो. हरत का होईना, पोरांना मॅच मिळत होत्या. 2022 मध्ये तो संघ बंद झाला.

अनिकेत 2019 मध्ये जमशेदपूरच्या क्लबात गेला. आयएसएलमधला, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला, त्याचा पहिला हंगाम होतोय तोवर कोरोना आला. पुढचे दोन हंगाम सगळी स्पर्धा गोव्यात, जवळजवळ सगळी बंद दारांआड झाली. हॉटेल, सराव, रिकामं स्टेडियम, परत हॉटेल. वीस-एकवीस हे वय खेळाडूच्या घडणीत सगळ्यात मोलाचं, आणि ते त्याचं असं गेलं. गर्दीसमोर खेळायची सवय असलेल्या कोल्हापूरच्या पोरासाठी रिकाम्या खुर्च्यांसमोर जीव तोडून धावणं काय असेल, याचा विचार आपण कधी केला काय?

2021-22 ला तो हैदराबादकडे होता. त्या वर्षी हैदराबादनं आयएसएल जिंकली, गोव्यातल्या फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला टायब्रेकरमध्ये हरवलं. मार्च 2022 मध्ये बहारीनला गेलेल्या भारताच्या मुख्य संघात अनिकेतची निवड झाली. म्हणजे 'काहीच केलं नाही' हे सरळ खोटं आहे. पण त्याच हैदराबादच्या आघाडीला नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता, ज्यानं त्या हंगामात 18 गोल मारले. ओगबेचेला बाकावर बसवून एकवीस वर्षांच्या भारतीय पोराला गोलसमोर उभं करा, असं कुठला प्रशिक्षक म्हणेल? मी प्रशिक्षक असतो तर मीही म्हटलं नसतं.

वादाचं मूळ इथं आहे. आयएसएलच्या सुरुवातीला मैदानात एकाच वेळी सहा परदेशी खेळाडू असायचे, पुढे पाच झाले, 2021-22 पासून चार. आकडा कमी झाला तरी परदेशी खेळाडूची सगळ्यात आवडती जागा बदलली नाही. क्लब पैसा मोजतो तो गोल मारणाऱ्यावर. म्हणून आपला आघाडीचा पोरगा हळूहळू कडेला जातो, विंगवर खेळतो, कधी त्याहून मागे, आणि बऱ्याचदा सत्तराव्या मिनिटानंतर आत येतो. वीस मिनिटांत त्यानं काय दाखवावं? आणि आपण घरी टीव्हीसमोर बसून म्हणतो, 'गोल कुठाय?' मार्च 2025 मध्ये भारतानं निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलावलं, आणि मालदीवविरुद्ध त्यानं गोलही मारला. छेत्री थोर आहेच. पण गोल मारणारा दुसरा माणूस आपण तयारच केला नाही, हेही त्यातून दिसलं. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावात सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. त्या रात्री जेवढ्या शिव्या खेळाडूंना पडल्या त्याच्या निम्म्या तरी स्पर्धांचं वेळापत्रक आखणाऱ्यांना पडायला हव्या होत्या.

जागा मिळाली, मिनिटं मिळाली, विश्वास मिळाला, तर काय होतं हे आपण जवळून पाहिलं आहे. लालियनझुआला छांगटे, मिझोरामचं पोरगं. 2015 च्या डिसेंबरात दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत नेपाळविरुद्ध अठराव्या वर्षी दोन गोल. मग दिल्लीचा क्लब, मग चेन्नईचा. त्या सगळ्या वर्षांत त्याच्याबद्दल एकच सूर होता: पाय वेगवान आहेत, पण गोलसमोर गडबडतो. टीका चुकीची नव्हती, तो खरंच गडबडायचा. जानेवारी 2022 मध्ये तो मुंबई सिटी क्लबात आला. तिथले प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांनी त्याला उजव्या कडेची जागा दिली आणि ती काढून घेतली नाही. 2022-23 च्या हंगामात त्याचे 10 गोल, 6 गोलांना साथ, आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू आणि भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. अठरा ते पंचवीस या काळात त्याला 'संपला' म्हणणारे किती असतील! गडबडतो म्हणणारे बरोबर होते, संपला म्हणणारे चूक होते. मला जो फरक सांगायचा आहे तो एवढाच आहे.

म्हणून कट्ट्यावर पुढच्या वेळी कुठल्याही पोराचा विषय निघाला, की आधी विचारू या: त्यानं या हंगामात मिनिटं किती खेळली? कुठल्या जागेवर? त्याच्या आधी ती जागा कोणाची होती? दुखापत होती काय? मागच्या वर्षी येत नव्हतं असं यंदा त्याला काय येतं? डाव्या पायानं पास देतो काय, पाठीवर बचावपटू असताना बॉल थांबवतो काय, बॉल गेल्यावर परत धावतो काय? या प्रश्नांवरून भांडा, तासन् तास भांडा. त्यातून पोराला काहीतरी मिळेल. 'हवा डोक्यात गेली' आणि 'याला काय जमत नाही' यातून त्याला काहीच मिळत नाही, कारण त्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला जाऊन करण्यासारखं काही नसतं.

कौतुकालाही हेच लागू आहे. आपण निकाल लवकर देतो तसा हारही लवकर घालतो. बार्सिलोनाच्या बोयान क्रकिचला सतराव्या वर्षी 'पुढचा मेस्सी' करून टाकलं होतं. 2008 च्या युरो स्पर्धेसाठी स्पेननं बोलावलं तेव्हा तो भीतीच्या झटक्यांनी इतका हैराण झाला होता की गेला नाही. लोकांना वाटलं, पोरगं थकलं म्हणून सुट्टीवर गेलं. खरं काय होतं ते त्यानं 2018 मध्ये उघडपणे सांगितलं. दहा वर्षं तो ते मनात घेऊन खेळत होता. आपल्याकडे बारावीतलं पोरगं शाहू स्टेडियमवर एक फायनल गाजवतं, चौकात त्याचा डिजिटल फलक लागतो आणि पुढच्या हंगामात दोन मॅच हुकल्या की त्याच चौकात त्याला तोंड दाखवायची चोरी होते. दोन्ही वेळा त्याच्या खेळाबद्दल कोणी एक शब्द बोललेलं नसतं.

आपले बहुतेक संघ तालमीतून उभे राहिले. तालमीतला वस्ताद पठ्ठ्याची जोड लावताना काय बघायचा? वय, वजन, तयारी. नव्या पठ्ठ्याला थेट नावाजलेल्या मल्लासमोर सोडायचा नाही. हरला तर कुठं चुकला ते मातीतच दाखवायचा, आणि जिंकला तरी लगेच डोक्यावर घ्यायचा नाही. ही अक्कल आपल्याच वाडवडिलांची आहे. मैदान बदललं म्हणून ती सोडायचं काही कारण नव्हतं.

या निमित्तानं आपल्याच हंगामाबद्दलही बोलायला हवं. वरिष्ठ गटाची लीग आणि त्यानंतरचे चषक यांत आपण रंगून जातो. एवढी गर्दी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसते, त्याचा मला अभिमान आहे. पण चौदा, सोळा, अठरा वर्षांखालील पोरांच्या मॅचना पायऱ्यांवर कोण असतं? त्यांचे आई-वडील आणि दोन-चार प्रशिक्षक. आपण तिथं जात नाही. मग ते पोरगं एकदम वरिष्ठ संघात, भरलेल्या स्टेडियमसमोर, बाहेरगावच्या दणकट खेळाडूंविरुद्ध उतरतं आणि आपल्याला त्याची पहिली ओळख त्याच्या पहिल्या चुकीतून होते. ते कुठून आलं, किती वाढलं, हे आपण पाहिलेलंच नसतं. ज्याची वाढ पाहिली नाही त्याची वाढ खुंटली असं आपण कसं म्हणतो?

तालमींच्या पदाधिकाऱ्यांनाही यात एक विनंती आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या चांगल्या पोराला वरिष्ठ संघात शेवटची पाच मिनिटं उभं करून फोटो काढण्यापेक्षा त्याच्या वयाच्या पोरांबरोबर पूर्ण सामना खेळू द्या. आणि पुण्या-मुंबईहून चाचणीला बोलावणं आलं, तर पेठेची फायनल आहे म्हणून त्याला थांबवू नका. आपल्या मंडळाला एक चषक कमी पडला तर आभाळ कोसळत नाही. त्या पोराला ते बोलावणं परत येईलच असं नाही. गेलेलं पोरगं घरची आठवण काढून महिन्यात परत आलं, तर त्याला हिणवू नका. हेही पुष्कळ वेळा होतं, आणि आपल्या हसण्यामुळे ते दुसऱ्यांदा जायला धजावत नाही. माझ्या डोळ्यांसमोर असं झालेलं मी पाहिलं आहे. चांगला पाय होता त्याचा.

शिवीगाळीबद्दल फार लिहित नाही. आई-बहिणीवरून ओरडणं ही टीका नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. हल्ली स्टेडियमवर आपल्या घरच्या बायका-पोरी येतात, त्यांच्यासमोर हे चालतं याची मला लाज वाटते. आणि चुकलेल्या पेनल्टीचा तुकडा मोबाइलवर हजार जणांना धाडणाऱ्यानं एकदा त्या पोराच्या घरच्यांचा विचार करावा. तेही तोच मोबाइल वापरतात.

मला कोणी म्हणेल, एवढी सबुरी ठेवली तर पोरं ढिली पडतील. नाही पडणार. मी टीका कमी करा म्हणत नाही, जास्त करा म्हणतो. फक्त ती पोरापाशी थांबू देऊ नका, वर जाऊ द्या. आयएसएलचा 2025 चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार अडकला आणि देशभरातले खेळाडू महिनोन्महिने लीगच्या मॅचविना बसले. त्यांत पंचविशीच्या आतली कितीतरी पोरं होती. त्यांची ती गेलेली मिनिटं कोण भरून देणार? राज्यात वयोगटांच्या लीग वर्षभर का चालत नाहीत, एखादं पोरगं वर्षात दहा-बारा चुरशीच्या मॅच खेळून आंतरराष्ट्रीय खेळाडू कसं होणार, हे प्रश्न कोल्हापूरनं विचारले तर ऐकावे लागतील. कारण स्टेडियम भरून दाखवणारं गाव आपलं आहे. आपला आवाज मोठा आहे, तो योग्य दिशेला वळवू या.

येत्या हंगामापासून एक करू या असं सुचवतो. प्रत्येक तालमीच्या समर्थकांनी आपल्या संघातल्या अठरा वर्षांखालच्या प्रत्येक पोराची एक वही ठेवावी. किती मॅच, किती मिनिटं, कुठली जागा, काय नवीन जमलं, काय अजून जमत नाही. लिहिणारा खेळ कळणारा असावा. प्रत्येक पेठेत असे पाच-दहा जण निघतील, मला त्यांची नावंही सांगता येतील. हंगाम संपला की ती वही पोराला आणि त्याच्या प्रशिक्षकाला द्यावी. केएसएनं, म्हणजे आपल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं, वयोगटाच्या सामन्यांचं वेळापत्रकही वरिष्ठ लीगइतक्याच ठळकपणे आधी जाहीर करावं, म्हणजे आम्हाला तिथं वेळेवर पोचता येईल. पहिल्या मॅचला मी पायऱ्यांवर असेन. ज्यांना वही लिहायची आहे त्यांनी तिथं मला गाठावं. कुठल्या पेठेचे आहात हे मी विचारणार नाही.

आपलाच,
शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरचा एक फुटबॉल शौकीन